खेळ थांबत नसेल, तर हात तरी वाचवा

परीक्षा संपल्या की नेवाशातल्या घराघरांत एकच वाद सुरू होतो. मोबाइल कुणाच्या हातात आणि किती वेळ? अलीकडे या वादात आणखी एका वस्तूची भर पडली आहे. प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स यांसारख्या गेमच्या यंत्रासोबत येणारा, दोन्ही हातांत धरायचा कंट्रोलर. बहुतेक घरांत त्याला सरळ 'रिमोट' म्हणतात. मुंबई-पुण्याच्या चुलत भावाकडे तो पाहिलेला असतो, किंवा दुकानात त्याची स्वस्त नक्कल दिसलेली असते. तो आपल्या मोबाइलला जोडता येतो हे पोराला कळले की हट्ट सुरू होतो. आईवडिलांचे उत्तरही ठरलेले असते. मोबाइलने आधीच वाटोळे केले आहे, त्यात हे आणखी कशाला?

या उत्तरामागची काळजी खरी आहे. पण उत्तर मात्र तपासून पाहायला हवे. मूल मोबाइलवर गेम खेळतच नसेल, तर कंट्रोलर आणण्याचे काहीच कारण नाही. पण ते रोज खेळत असेल, आणि बहुतेक घरांत ते खेळतेच, तर प्रश्न बदलतो. मग विचारायचे ते इतकेच, की शरीराला कमी इजा कशाने होते? काचेवर अंगठे घासण्याने, की हातात नीट बसणाऱ्या बटणांनी? शरीरशास्त्राच्या बाजूने पाहिले तर झुकते माप कंट्रोलरला द्यावे लागते. त्यासोबत एक अटही घालावी लागते आणि ती अट घरच्यांनीच पाळायची आहे.

हात काय मागतो?

हातात बसेल असे साधन घडवणे ही माणसाची फार जुनी सवय आहे. नेवाशाच्या लोकांना ते सांगायला नको. १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. हसमुख सांकलिया यांनी येथे उत्खनन केले. प्रवरेच्या काठच्या जुन्या वाळू-गोट्यांच्या थरांतून दगडी हत्यारे मिळाली आणि मध्य पुराश्मयुगातल्या एका हत्यारपरंपरेला या गावाच्या नावावरून 'नेवासियन' हे नाव पडले. त्या आधीच्या काळातल्या मुठीत धरायच्या मोठ्या हातकुऱ्हाडींच्या तुलनेत ही हत्यारे लहान आहेत. चर्ट, जॅस्पर अशा बारीक कणांच्या दगडांपासून काढलेल्या, अंगठा आणि बोटांच्या चिमटीत धरता येतील अशा तासण्या त्यांत आहेत. धार कुठे आहे आणि बोट कुठे ठेवायचे, हे डोळ्यांनी न पाहताही हाताला कळावे, हा चांगल्या हत्याराचा गुण आहे. विळा, कोयता, खुरपे यांच्या मुठीही याच नियमाने घडल्या.

मोबाइलची काच हा नियम मोडते. ती सगळीकडे सारखीच गुळगुळीत असते. पडद्यावर बटणाचे चित्र असते, पण बोटाखाली बटण नसते. तळहात आणि बोटांच्या कातडीत स्पर्श ओळखणारे सुमारे १७ हजार संवेदक असतात. काही कडा आणि उंचवटे ओळखतात, काही दाब, काही कंप, तर काही कातडीचा ताण. काचेवर यांतल्या बहुतेकांना काहीच कामाचे सापडत नाही. मग ती उणीव डोळे आणि स्नायू भरून काढतात. अंगठा बरोबर जागी आहे का हे डोळ्यांनी पाहावे लागते, आणि तो अंगठाच पडद्याचा एक भाग झाकून टाकतो. बटण दाबले गेले की नाही याची खात्री नसल्याने मूल जोर वाढवत जाते. गेम रंगात आला की काचेवर उमटलेला दाब पाहिला तर मोठ्या माणसालाही आश्चर्य वाटेल. त्या दाबाने गेममध्ये काहीही वाढत नाही. वाढतो तो फक्त अंगठ्याच्या मुळाशी येणारा ताण.

त्यात मोबाइल धरायचाही असतो. एका बाजूला करंगळ्यांनी खालून आधार द्यायचा, दुसऱ्या बाजूला अंगठे मोकळे ठेवायचे आणि मनगटे आत वळवायची. अशा अवघडलेल्या स्थितीत तासभर काम कुठलाही कारागीर करणार नाही. कंट्रोलरमध्ये वजन तळव्यावर येते, बोटे त्यांच्या नैसर्गिक वळणात राहतात आणि काम अंगठ्यांसोबत तर्जनीलाही वाटून दिले जाते.

जोडणी म्हणजे नेमके काय?

कंट्रोलर मोबाइलला जोडण्यात जादू काही नाही. संगणकाचा की-बोर्ड आणि माउस ज्या ठरलेल्या भाषेत संगणकाशी बोलतात, त्याच प्रकारच्या भाषेत कंट्रोलरही बोलतो. कोणते बटण दाबले आणि काडी कोणत्या दिशेला किती झुकली, एवढीच माहिती तो ब्लूटूथने पाठवतो. अँड्रॉइडचे बहुतेक नवे फोन ती भाषा जाणतात. आयफोनवर प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या कंट्रोलरची सोय २०१९ मध्ये आयओएस १३ सोबत आली.

कृती सोपी आहे. प्लेस्टेशन ४ च्या कंट्रोलरवर 'पीएस' आणि 'शेअर' ही दोन बटणे एकत्र दाबून धरली की दिवा वेगाने लुकलुकू लागतो. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर वरच्या कडेला जोडणीचे लहान बटण असते. मग फोनच्या सेटिंगमध्ये ब्लूटूथ उघडायचे आणि यादीत आलेले नाव निवडायचे. २०१३ च्या पहिल्या एक्सबॉक्स वनच्या कंट्रोलरमध्ये मात्र ब्लूटूथच नव्हते. ते २०१६ च्या वन एस सोबत आले. त्यामुळे जुना माल स्वस्तात घेताना आधी विचारून घ्यावे. शिवाय फोनला जोडलेला कंट्रोलर पुन्हा मूळ यंत्राला आपोआप जोडला जाईलच असे नाही. बऱ्याचदा केबल लावून नव्याने जोडणी करावी लागते. भावाचा कंट्रोलर उसना घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवले तर घरातली भांडणे वाचतील.

एक धोका मात्र घरच्यांना माहीत असायलाच हवा. सगळे गेम कंट्रोलर स्वीकारत नाहीत. कॉल ऑफ ड्यूटीची मोबाइल आवृत्ती, माइनक्राफ्ट किंवा अॅस्फाल्ट यांत तशी सोय आहे. भारतात सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या गेमपैकी एक असलेल्या बीजीएमआयमध्ये ती अधिकृतपणे नाही. मग मुले इंटरनेटवरून बटणांची नक्कल करणारे अॅप उतरवतात. अशी काही अॅप 'अॅक्सेसिबिलिटी' नावाची परवानगी मागतात. ही परवानगी मुळात दिव्यांगांच्या सोयीसाठी आहे. ती ज्या अॅपला मिळते ते पडद्यावरचा मजकूर वाचू शकते आणि वापरणाऱ्याच्या वतीने बटणेही दाबू शकते. ज्या फोनवर वडिलांचे बँकेचे खाते आहे, दुधाचे आणि उसाचे पैसे ज्यावर कळतात, त्या फोनवर अनोळखी अॅपला ही परवानगी देणे म्हणजे कपाटाची किल्ली दारात ठेवणे. नियम साधा असावा. गेममध्येच कंट्रोलरची सोय असेल तर वापरायचा, नसेल तर तो गेम त्यावर खेळायचा नाही.

किरणांची भीती

'हवेतून चालते म्हणजे किरणे आली' अशी शंका अनेक घरांत असते, विशेषतः आजीआजोबांना. तिची टिंगल करू नये, तिला आकड्यांनी उत्तर द्यावे. ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओ लहरी वापरते. या लहरींमध्ये एक्स-रेसारखी अणूंतून इलेक्ट्रॉन उडवण्याची शक्ती नसते. दहा मीटरपर्यंत चालणाऱ्या नेहमीच्या ब्लूटूथ साधनाची प्रक्षेपणशक्ती जास्तीत जास्त अडीच मिलिवॅट असते. त्याच्या शेजारी असलेला फोन ४जी टॉवरशी बोलताना २०० मिलिवॅटपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे सुमारे ८० पट. वस्तीवर, शेतात, जिथे रेंज कमी तिथे तो जास्त ताकद लावतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' या गटात ठेवले. पुरावा अपुरा असला तरी शंका पूर्ण पुसता येत नाही, असा त्याचा अर्थ. ज्यांना ही शंका सतावते त्यांच्यासाठी हिशेब सरळ आहे. कंट्रोलर वापरला तर फोन छातीजवळून उठून टेबलावर जातो, आणि अंतर वाढले की लहरींची तीव्रता झपाट्याने घटते. भीती बाळगायचीच असेल तर ती कंट्रोलरच्या बाजूने कौल देते.

मान आणि डोळे

कंट्रोलरचा सर्वात मोठा फायदा हाताला नाही, मानेला आणि डोळ्यांना आहे. हात आणि पडदा एकमेकांपासून सुटे होतात. फोन हातातच असला तर पडदा हाताच्या उंचीवर राहतो आणि मान त्याच्याकडे वाकते. माणसाच्या डोक्याचे वजन साधारण पाच किलो. डॉ. केनेथ हंसराज या शल्यचिकित्सकांनी २०१४ मध्ये संगणकीय प्रतिकृतीवरून हिशेब मांडला, की मान ६० अंश वाकली तर मणक्यावर येणारा भार सुमारे २७ किलोपर्यंत जातो. हा मोजलेला आकडा नाही, गणिताने काढलेला आहे. पण त्यामागचे तत्त्व पाण्याची कळशी लांब हाताने धरणाऱ्या कुणालाही पटेल. वजन शरीराच्या रेषेपासून दूर गेले की स्नायूंना कितीतरी पट ओढावे लागते.

डोळ्यांचा हिशेब तर शाळेच्या पुस्तकातला आहे. मीटरमधल्या अंतराने एकाला भागले की डोळ्याला किती डायॉप्टर जोर लावावा लागतो ते कळते. अंथरुणात पडून फोन २० सेंटिमीटरवर धरला तर ५ डायॉप्टर. टेबलावर ५० सेंटिमीटरवर ठेवला तर २. तोच खेळ टीव्हीवर दाखवून दोन मीटरवरून पाहिला तर अर्धा डायॉप्टर. त्यातच पडद्याकडे एकाग्र होऊन पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होते आणि डोळे कोरडे पडून चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला त्यासाठीच आहे. कंट्रोलरने पडदा दूर ठेवता येतो. पण तो दूर ठेवायला हवा. कंट्रोलरला चिमट्याने फोन अडकवून, तीच जोडी पोटावर ठेवून लोळत खेळले तर पैसेही गेले आणि मानही.

दुखणे थांबले की घड्याळ लागते

आता दुसरी बाजू. कंट्रोलर निर्धोक आहे असे वैद्यकशास्त्राने कधीच म्हटलेले नाही. १९९० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये 'निन्टेन्डिनायटिस' नावाचे पत्र प्रसिद्ध झाले. निन्टेन्डोच्या कंट्रोलरचे बटण तासन् तास दाबून अंगठ्याचा स्नायुरज्जू दुखावल्याचे ते प्रकरण होते. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद फ्रित्झ डी क्वेर्वेन यांनी १८९५ मध्ये वर्णन केलेला, अंगठ्याकडून मनगटाकडे जाणाऱ्या रज्जूंच्या आवरणाचा आजार आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. तान्ह्या बाळाला सतत उचलणाऱ्या आयांना तो होतो, आणि अंगठ्याचे एकच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्यांनाही. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला झुकवले की कळ उठते. रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होणे हे मनगटातली नस दबल्याचे लक्षण असू शकते. यांपैकी काहीही दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर मलमावर भागवू नये, डॉक्टरांना दाखवावे.

नेवासा तालुक्यात याला आणखी एक कारण आहे. इथली तरुण पोरे दिवसभर रिकामी नसतात. सोनई आणि भेंड्याच्या कारखान्यांचा हंगाम, सकाळ-संध्याकाळची धार, कापसाची वेचणी, यांत हात आधीच राबलेले असतात. शहरातल्या मुलाचा अंगठा रात्री ताजा असतो, इथल्या मुलाचा थकलेला. त्यावर दोन तासांचा खेळ म्हणजे त्याच रज्जूंना दुसरी पाळी.

आणि मूळ अडचण अशी, की काचेवर खेळताना अंगठा दुखतो, मान अवघडते, म्हणून मूल कधीतरी थांबते. दुखणे हाच तिथे शेवटचा लगाम असतो. कंट्रोलरने ते दुखणे कमी केले की लगामही सैल होतो. एक तासाचे दोन तास होतात, आणि हाताला वाचवलेले झोपेतून वजा होते. कंट्रोलरला विरोध करणाऱ्या पालकांचा हा मुद्दा सर्वात वजनदार आहे आणि तो खोडता येत नाही. म्हणूनच अट घालावी लागते. कंट्रोलर घरात येईल त्याच दिवशी वेळही ठरवायची, आणि ती मुलाला विचारून ठरवायची. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी तासभर दमछाक करणारी हालचाल सुचवते. आधी तो तास मैदानात, मग खेळ पडद्यावर, आणि झोपायच्या तासभर आधी कंट्रोलर कपाटात, असा क्रम चालू शकतो. कंट्रोलरचा इथे एक आडफायदा आहे. फोन काढून घेता येत नाही, कारण अभ्यासाचे निरोपही त्यावरच येतात. कंट्रोलर मात्र काढून ठेवता येतो. खेळाची वस्तू वेगळी झाली की खेळाची वेळही वेगळी करता येते.

वेळेपलीकडचीही एक रेषा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या यादीत, जी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली, 'गेमिंग डिसऑर्डर'चा समावेश आहे. खूप खेळणे म्हणजे हा आजार नव्हे. खेळावर ताबा न राहणे, खाणे-झोप-अभ्यासापेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, ही चिन्हे साधारण वर्षभर टिकली तर तसे निदान केले जाते. ती चिन्हे दिसली तर कंट्रोलर द्यावा की नाही हा वाद बाजूला ठेवून मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

ज्यांना पर्याय नाही त्यांच्यासाठी

या साऱ्या चर्चेत एक वर्ग नेहमी सुटतो. कडबा कुट्टीत किंवा मळणी यंत्रात बोटे गमावलेले शेतकरी, सेरेब्रल पाल्सी असलेली मुले, अर्धांगवायूतून सावरणारी माणसे. यांना काचेवर नेमके बोट टेकवणे जमत नाही. थरथरता हात एकाच्या जागी तीन ठिकाणी टेकतो. त्यांच्यासाठी मोठे, खाली दबल्याचे कळणारे बटण ही चैन नाही, गरज आहे. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये दिव्यांगांसाठी खास कंट्रोलर आणला, ज्याला पाय, कोपर किंवा हनुवटीने चालणारी वेगवेगळी बटणे जोडता येतात. सोनीने २०२३ च्या डिसेंबरमध्ये तशाच हेतूचा कंट्रोलर आणला. अँड्रॉइडमध्ये 'स्विच अॅक्सेस' ही सोय आहे. तिच्यामुळे एक-दोन बाहेरची बटणे जोडून अख्खा फोन चालवता येतो. फोन लावणे, निरोप पाठवणे, पैसे भरणे, सगळे.

ग्रामपंचायतींनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा आहे. तो बहुतेकदा ठरावीक वस्तूंच्या वाटपात किंवा थोड्याथोड्या रकमेत विरून जातो. फोनला जोडता येणारी बटणे आणि टेबलावर फोन धरणारा स्टँड यांचा त्या यादीत समावेश का होऊ नये? खेळाची वस्तू म्हणून ज्याकडे पाहिले जाते, ते एखाद्यासाठी जगाशी बोलायचे साधन असते. पंचायत समितीत हा विषय कुणीतरी काढायला हवा.

शेतातही तेच दिसते. ऊस डोक्यावरून वाढला की त्यात शिरून फवारणी करणे अवघड, म्हणून ड्रोन आले. केंद्राच्या 'नमो ड्रोन दीदी' योजनेत १५ हजार महिला बचत गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट आहे. तो उडवायचा रिमोट दोन काड्यांचाच असतो, आणि अनेक लहान ड्रोनमध्ये त्याला मोबाइलच पडदा म्हणून लावतात. म्हणून गेम खेळणारा प्रत्येक पोरगा ड्रोनचालक होईल असे मात्र कुणी समजू नये. त्यासाठी रीतसर प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र लागते. अमेरिकेत २००७ मध्ये ३३ शल्यचिकित्सकांच्या पाहणीत, आठवड्याला तीन तासांहून अधिक गेम खेळलेल्यांनी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेच्या सरावात ३७ टक्के कमी चुका केल्याचे दिसले. हा आकडा मुले आईवडिलांच्या तोंडावर फेकतात. पण मुळात ज्यांचे हात तयार, त्यांनाच गेम आवडत असतील, अशीही शक्यता त्या पाहणीत उरतेच. शिवाय त्यांनी आधी डॉक्टरकीचा अभ्यास केलेला होता, हे मुले सांगत नाहीत.

तेव्हा यंदाच्या सुट्टीत कंट्रोलरचा हट्ट आला तर 'नाही' म्हणण्याआधी घरात चार गोष्टी पाहाव्यात. मूल आत्ता कसे बसून खेळते, फोन डोळ्यांपासून किती दूर असतो, ते कोणता गेम खेळते आणि रात्री किती वाजता झोपते. पहिल्या तीन गोष्टी कंट्रोलर, स्टँड आणि थोडी दक्षता यांनी सुधारतात. चौथी कुठल्याही दुकानात मिळत नाही. ती घरातल्या मोठ्यांनी स्वतःचा फोन वेळेवर खाली ठेवूनच शिकवावी लागते.